तारीख कोण ठरवणार, हे ड्रॉच्या आधी ठरवा

वाचकाचे पत्र : आमच्या क्लबच्या गोल्फ समितीवर यंदा माझी निवड झाली असून वार्षिक वैयक्तिक मॅच प्ले (दोघांनी एकेक होल जिंकत-हरत खेळायच्या सामन्यांची) स्पर्धा माझ्याकडे सोपवण्यात आली आहे. गेल्या वर्षी ३८ सभासद स्पर्धेत उतरले होते. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली स्पर्धा मे उजाडला तरी संपली नव्हती. उपांत्य फेरीला तिघेच उरल्यामुळे एकाला बाय द्यावा लागला आणि तो सामना न खेळताच अंतिम फेरीत पोहोचला. एका सामन्यात सतराव्या ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) प्रतिस्पर्ध्याचा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा मदतनीस, "उचला साहेब" म्हणाला, म्हणून खेळाडूने चेंडू उचलला, त्यावर प्रतिस्पर्धी म्हणाला, "मी पट दिलाच नव्हता," म्हणजे होलजवळचा तो शेवटचा फटका न मारता सोडलाच नव्हता. समितीने निर्णयाला आठवडा लावला आणि त्या दोघांचे बोलणे आजही बंद आहे. हँडिकॅपवरून, म्हणजे कमकुवत खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांवरून, कुरबुरी झाल्या त्या वेगळ्याच. शिवाय ज्यांनी करंडक दिला ते आमचे एक ज्येष्ठ सभासद प्रत्येक फेरीला मुदतवाढ मागतात, आणि त्यांना नाही म्हणण्याचा धीर कोणाला होत नाही. यंदा ४६ नावे आली आहेत. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्या सगळ्यांचे मूळ मला एकच दिसते. मेडल (एकूण फटके मोजण्याच्या) किंवा स्टेबलफर्ड (होलगणिक गुण मोजण्याच्या) स्पर्धेसाठी समिती एक रविवार जाहीर करते, सगळे त्या दिवशी खेळतात, दुपारपर्यंत कार्डे जमा होतात आणि विषय संपतो. मॅच प्लेमध्ये मात्र सामना कधी खेळायचा हे दोन खेळाडू आपसात ठरवतात, पट सोडायचा की नाही हेही आपसात ठरवतात, नियमाचा पेच पडला तर तोसुद्धा बहुतेक वेळा आपसातच सोडवतात, आणि या सगळ्या वेळी समितीचा माणूस तिथे हजर नसतो. त्यामुळे समितीला जे काही ठरवायचे असेल ते ड्रॉ निघण्यापूर्वी ठरवून, लिहून, नोटिस बोर्डावर लावून मोकळे व्हावे लागते. आपल्या क्लबात गेल्या वर्षी प्रत्येक गोष्ट वाद उभा राहिल्यावर, म्हणजे माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर असताना ठरवली गेली. अशा वेळी दिलेला निर्णय कितीही योग्य असला तरी तो कोणाच्या तरी बाजूचा वाटतोच. यंदा स्पर्धेच्या अटींचे एक पान लिहिण्यासाठी जितका वेळ द्याल, तितका पुढचे तीन महिने वाचेल.

सुरुवात ड्रॉपासून करू, कारण तिथली चूक निव्वळ गणिताची आहे. ३८ जणांच्या १९ जोड्या लावल्या की १९ जण उरतात. त्यांतल्या एकाला बाय मिळून १० होतात, दहाचे पाच, एका बायसह पाचाचे तीन, आणि मग आपण म्हणता ती उपांत्य फेरी येते. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. आलेल्या नावांच्या सरळ जोड्या लावणे स्वाभाविक वाटते, इतकेच. पण बाद फेरीचा ड्रॉ नेहमी १६, ३२, ६४ अशा आकड्यांवरच बांधायचा असतो आणि बाय फक्त पहिल्या फेरीत द्यायचे असतात. आपली ४६ नावे आहेत, तेव्हा ड्रॉ ६४ चा. त्यातून ४६ वजा केले की १८ बाय उरतात. उरलेले २८ जण पहिल्या फेरीत १४ सामने खेळतील, त्यांतले १४ विजेते आणि बाय मिळालेले १८ असे बरोबर ३२ जण दुसऱ्या फेरीत येतील, आणि तिथून पुढे अंतिम सामन्यापर्यंत कोणालाही आयती वाट मिळणार नाही. एकूण सामने ४५ होतील. हे १८ बाय ड्रॉच्या चार भागांत पाच, पाच, चार, चार असे वाटून टाका, म्हणजे एकाच भागात गर्दी होणार नाही.

बाय कोणाला द्यायचे, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. माझे मत स्पष्ट आहे : चिठ्ठ्या टाका. गेल्या वर्षीचा विजेता, माजी कर्णधार किंवा कमी हँडिकॅपचे खेळाडू यांना मानांकन देऊन वेगळे ठेवण्याची पद्धत स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅपविना होणाऱ्या, स्पर्धेत योग्य आहे, कारण तिथे चांगले खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांना भिडू नयेत अशी अपेक्षा असते. आपली स्पर्धा हँडिकॅपची आहे. सहा हँडिकॅपचा आणि बावीस हँडिकॅपचा खेळाडू बरोबरीने लढावेत यासाठीच हँडिकॅप दिलेला असतो. मग पुन्हा मानांकन द्यायला आधार उरत नाही. ४६ जणांची पात्रता फेरी घेऊन ३२ निवडण्याचाही मार्ग आहे, पण त्यात १४ सभासद एकही सामना न खेळता बाहेर पडतील, आणि क्लबच्या आपल्याआपल्यांतल्या स्पर्धेत ते मला बरे वाटत नाही. जमल्यास आपला पहिलाच सामना हरलेल्यांसाठी एक छोटी प्लेट स्पर्धा ठेवा. नोव्हेंबरातच ज्यांचा हंगाम संपतो त्यांना त्यामुळे खेळायला कारण राहते.

आता तारखांकडे येतो. स्पर्धा बिघडते ती इथे. मॅच प्ले वेळापत्रकात बसवणे फक्त क्लबांनाच जड जाते असे नाही. अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिप १९५७ सालापर्यंत मॅच प्लेचीच होती आणि १९५८ पासून ती स्ट्रोक प्लेची, म्हणजे एकूण फटके मोजण्याची, झाली. त्यामागे पैशाचे आणि दूरचित्रवाणीचे गणित होते. व्यावसायिक खेळाडूंना निदान एकाच गावात, एकाच आठवड्यात हजर राहणे भाग असते. आपल्या सभासदांना कचेरी आहे, दवाखाना आहे, दिवाळी आहे, लग्नसराई आहे. म्हणून "दोघांनी आपसात ठरवून महिनाअखेर खेळावे" एवढ्या एका वाक्यावर स्पर्धा सोडली, तर ती मे महिन्यापर्यंत जाणारच.

उपाय असा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला ड्रॉ काढा. पहिल्या दोन फेऱ्यांना प्रत्येकी तीन आठवडे द्या, पुढच्या तीन फेऱ्यांना प्रत्येकी दोन, आणि दिवाळीचा आठवडा मोकळा सोडा. म्हणजे अंतिम सामना जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होईल. त्याचा दिवस मात्र आजच जाहीर करून टाका. फेरी सुरू झाल्यावर पाच दिवसांच्या आत, ड्रॉमध्ये ज्याचे नाव वर आहे त्याने प्रतिस्पर्ध्याला किमान तीन तारखा लेखी कळवायच्या, आणि त्यांत एक तरी शनिवार किंवा रविवार असायलाच हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप लेखी धरायला हरकत नाही. यातून तारीख ठरली तर उत्तमच. नाही ठरली, तर त्या फेरीच्या शेवटच्या रविवारी, नोटिस बोर्डावर प्रत्येक सामन्यासमोर आधीच लिहिलेल्या वेळी तो सामना होईल. या वेळेसाठी कोणालाही विचारायचे नाही, कोणाची संमती घ्यायची नाही. ती ड्रॉच्या दिवसापासून तिथे लिहिलेलीच असते.

या शेवटच्या रविवारचा खरा उपयोग असा की समितीला न्यायाधीश व्हावे लागत नाही. कोणी किती तारखा दिल्या, कोणी फोन उचलला नाही, कोण परगावी गेले होते, याची चौकशी करण्याची गरजच उरत नाही. ठरलेल्या वेळी जो पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) खेळायला तयार आहे तो खेळतो. गोल्फचे नियम इथे आपल्या मदतीला आहेत : मॅच प्लेमध्ये पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर खेळाडू पहिला होल गमावतो आणि त्याहून जास्त उशीर झाला तर तो बाद होतो. दोघेही आले नाहीत तर दोघेही बाद, आणि पुढच्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याला वॉकओव्हर, असेही अटींत लिहून ठेवा. या रविवारच्या टी-टाइम्स (खेळ सुरू करण्याच्या वेळा) हंगाम सुरू होण्यापूर्वीच कर्णधारांकडून राखून घ्या. दोन सामने मिळून चौघांचा एक गट पाठवला, तर पहिल्या फेरीचे सगळे १४ सामने अगदी त्याच दिवशी आले तरी सात वेळा पुरतात, म्हणजे दहा मिनिटांच्या अंतराने जेमतेम तासाभराचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक सामने आधीच झालेले असतील. शुक्रवारी संध्याकाळी रिकाम्या राहिलेल्या वेळा इतर सभासदांना सोडून द्या, म्हणजे मेडल खेळणाऱ्यांची कुरकूर होणार नाही.

मुदतवाढ कोणी द्यायची? माझे उत्तर : कोणीच नाही, आपणही नाही. समितीने मैदान बंद ठेवले असेल तर फेरी तेवढी पुढे जाईल. तो एकच अपवाद. आजारपण, घरातले दुःख, अचानक आलेला दौरा यांबद्दल मनापासून सहानुभूती बाळगावी, विचारपूस करावी, पण सामना सोडावा लागतो आणि प्रतिस्पर्धी पुढे जातो. हे कठोर वाटेल. पण एका आजारपणाला मुदत दिली की दुसऱ्याच्या दौऱ्याला नाही म्हणताना आपल्याला दोन माणसांच्या अडचणींची तुलना करावी लागते, आणि ती तुलना करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो. शिवाय मुदतवाढीची किंमत ती मागणारा मोजत नाही. पुढच्या फेरीत वाट पाहत बसलेला खेळाडू ती मोजतो, आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते.

यावरून आपल्या त्या ज्येष्ठ सभासदांकडे येतो, कारण पत्रातला सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे असे मला वाटते. त्यांना जानेवारीत फोनवर "नाही" म्हणण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. आत्ताच, ड्रॉच्या आधी, त्यांच्या सोयीने वेळ घेऊन घरी किंवा क्लबच्या व्हरांड्यात प्रत्यक्ष भेटा. अटींचे पान त्यांच्या हातात द्या, गेल्या वर्षी स्पर्धा कुठे आणि का अडली ते कोणाचेही नाव न घेता सांगा, आणि त्यांना ते पान वाचू द्या. "काका, अंतिम सामना जानेवारीत झाला तर करंडक तुमच्या हस्ते देता येईल, गेल्या वर्षी तेही राहून गेले," एवढे बोललात तरी पुरे. ते खोटे नाही आणि त्यात टोमणाही नाही. ड्रॉच्या चिठ्ठ्या काढायला त्यांनाच बोलवा. ज्या माणसाने सर्वांसमोर चिठ्ठ्या काढल्या आणि अटी वाचून दाखवल्या, त्याला पुढे मुदतवाढ मागणे स्वतःलाच अवघड जाते. तरीही त्यांनी मागितलीच, तर आपल्याला इतकेच म्हणावे लागेल की तारीख बोर्डावर आहे आणि ती बदलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. हे वाक्य खरे असावे, यासाठीच तो अधिकार अटींतून काढून टाकायचा. त्यांना राग आला तरी तो नियमावर येईल, आणि नियम त्यांनी आधी वाचलेला असेल.

हँडिकॅपच्या कुरबुरींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे अज्ञान आणि संशय एकत्र येतात. जागतिक हँडिकॅप पद्धतीत वैयक्तिक मॅच प्लेसाठी दोघांच्या हँडिकॅपमधला पूर्ण, म्हणजे शंभर टक्के फरक द्यायचा असतो. पूर्वी फरकाचा पाऊण भाग देण्याची पद्धत होती आणि काही जुने सभासद आजही तीच धरून बोलतात. म्हणून अटींत "पूर्ण फरक" असे शब्द स्पष्ट लिहा. ज्या टीवरून सामना होणार त्या टीचा, सामन्याच्या दिवशीचा कोर्स हँडिकॅप धरायचा. एकाचा ९ आणि दुसऱ्याचा २१ असेल, तर फरक १२; नऊवाला शून्यावरून खेळतो आणि एकवीसवाल्याला स्ट्रोक इंडेक्स (होल्सचा अवघडपणाचा क्रम, १ म्हणजे सर्वांत अवघड) १ ते १२ असलेल्या होल्सवर प्रत्येकी एक फटका मिळतो. हे पहिल्या टीवर दोघांनी मोठ्याने एकमेकांना सांगावे आणि कार्डावर त्या बारा होल्सवर खूण करावी. खऱ्यापेक्षा जास्त हँडिकॅप सांगितला, त्यामुळे मिळणाऱ्या फटक्यांत फरक पडला आणि चूक वेळेत सुधारली गेली नाही, तर तो खेळाडू बाद होतो. कमी सांगितला, तर त्याला त्या कमीवरच खेळावे लागते. हा नियम अनेकांना ठाऊक नसतो आणि सामन्यानंतर कळतो, तेव्हा फार कटुता येते. म्हणून तो आपल्या त्या एका पानावर आला पाहिजे.

दुसरा भाग संशयाचा. "हा बावीसचा नाहीच, चौदाचा आहे," असे प्रत्येक क्लबात कोणाबद्दल तरी बोलले जाते. हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे ज्यावरून कोर्स हँडिकॅप काढतात तो खेळाडूचा मूळ आकडा, अलीकडच्या २० फेऱ्यांतील सर्वोत्तम ८ वरून निघतो, आणि एखाद्याने आपल्या इंडेक्सपेक्षा सात किंवा अधिक गुणांनी सरस फेरी खेळली तर पद्धत आपणहून त्याचा इंडेक्स एकाने, दहा किंवा अधिक गुणांनी सरस असेल तर दोनाने खाली आणते. पण जो वर्षभर कार्डेच टाकत नाही त्याच्यापुढे ही पद्धत काही करू शकत नाही. म्हणून प्रवेशासाठी गेल्या बारा महिन्यांत ठरावीक संख्येने कार्डे टाकलेली असावीत अशी अट घाला. संख्या आपल्या क्लबच्या खेळाच्या मानाने ठरवा. ज्यांच्याबद्दल शंका असेल त्यांचा इंडेक्स तपासण्याचा अधिकार हँडिकॅप समितीला आहेच. तो ड्रॉच्या आधी वापरा, आणि त्या खेळाडूला बोलावून, त्याचे ऐकून घेऊन वापरा. एखादा सामना हरलेल्या माणसाच्या तक्रारीवरून स्पर्धा चालू असताना दुसऱ्याच्या हँडिकॅपला हात लावणे मी अन्यायाचे मानतो, मग ती तक्रार खरी का असेना.

सतराव्या ग्रीनवरच्या प्रसंगात नियम काय म्हणतात ते आता पाहू. पट सोडण्याचा, होल सोडण्याचा किंवा सामना सोडण्याचा अधिकार फक्त खेळाडूचा आहे. तो शब्दांनी किंवा स्पष्ट खुणेने द्यावा लागतो, आणि एकदा दिला की परत घेता येत नाही, नाकारताही येत नाही. कॅडीला तो अधिकार नियमाने नाही. आपल्याकडे कॅडी वर्षानुवर्षे त्याच साहेबांबरोबर असतो, चेंडू होलपासून वीतभर राहिला की "उचला साहेब" हे शब्द त्याच्या तोंडून सवयीने जातात, आणि रोजच्या खेळात त्याला कोणी हरकत घेत नाही. स्पर्धेत मात्र त्या शब्दांना काहीही किंमत नाही. पण म्हणून चेंडू उचलणाऱ्याने तो होल तिथल्या तिथे गमावला, असेही नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्यावरून किंवा कृतीवरून पट मिळाला असा वाजवी गैरसमज होऊन चेंडू उचलला गेला असेल, तर दंड नाही. चेंडू मूळ जागी, नक्की जागा माहीत नसेल तर अंदाजाने ठेवायचा आणि पट मारायचा. मागून आलेला आवाज प्रतिस्पर्ध्याचाच आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटले असेल, तर मी त्याला हा लाभ दिला असता. बोलणारा कॅडी आहे हे माहीत असून त्याच्या शब्दावर त्याने चेंडू उचलला असेल, तरीही दंड नाही, चेंडू जागेवर ठेवून खेळ पुढे चालू. दोन्ही मार्गांनी हा पेच तिथेच, दोन मिनिटांत सुटला असता.

न बोलणे म्हणजे देणे नव्हे, हेही खेळाडूंना सांगायला हवे. २०१५ साली जर्मनीत झालेल्या सोलहाइम कपमध्ये (युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांतल्या लढतीत) अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीने सतराव्या होलवर साधारण दीड फुटाचा पट आपल्याला सोडला असे समजून चेंडू उचलला. प्रतिस्पर्धी सुझान पेटरसनने आपण पट दिला नव्हता असे सांगितले, आणि युरोपने तो होल व पुढे तो सामनाही जिंकला. नियम पेटरसनच्या बाजूने होता, तरी तिच्यावर चहूबाजूंनी टीका झाली आणि नंतर तिने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. जगातल्या अव्वल खेळाडूंमध्ये जे घडते ते आपल्या सभासदांत घडणारच, म्हणून अटींखाली एक साधी विनंती जोडा : पट सोडताना "दिला" असे मोठ्याने म्हणा, आणि तो शब्द प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय चेंडूला हात लावू नका. ग्रिपच्या लांबीच्या आतले सगळे पट आपोआप दिलेले, असा करार पहिल्या टीवर करण्याची सवयही स्पर्धेपुरती बंद करा. प्रत्येक पट त्या-त्या वेळी द्यायचा किंवा न द्यायचा असतो. आणि ड्रॉच्या आदल्या दिवशी कॅडीमास्टरांना सांगून सगळ्या कॅडींना पाच मिनिटे एकत्र बोलवा. त्यांना हे नीट, मान देऊन समजावून सांगा. गेल्या वर्षीचा सगळा दोष त्या एका कॅडीवर टाकला गेला असेल तर तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याला हा नियम कोणी सांगितलाच नव्हता.

निर्णयाला आठवडा लागला, हे मात्र पुन्हा होता कामा नये. मॅच प्लेमध्ये नियमाबद्दल शंका आली तर दोघे मिळून तोडगा ठरवू शकतात, आणि नियम मोडतो आहोत हे माहीत असूनही त्यांनी संगनमत केले नसेल, तर तो तोडगा पुढे चुकीचा ठरला तरी कायम राहतो. एकमत झाले नाही तर ज्याला दाद मागायची आहे त्याने पुढच्या होलवर कोणीही टी-ऑफ करण्यापूर्वी "मी यावर निर्णय मागणार आहे" असे प्रतिस्पर्ध्याला सांगायचे आणि सामना पुढे चालू ठेवायचा. स्ट्रोक प्लेसारखे दोन चेंडू खेळून ठेवण्याची सोय इथे नाही. आपण नियमांची जाण असलेल्या तिघांची नावे व फोन क्रमांक कार्डाच्या मागे छापा. ज्याचा स्वतःचा मार्ग त्या सामन्याच्या निकालावर अवलंबून आहे त्याने बाजूला राहायचे आणि बाकी दोघांपैकी एकाने त्याच दिवशी उत्तर द्यायचे. निकाल कधी अंतिम होतो हेही लिहा. विजेत्याने स्टार्टरच्या खिडकीजवळच्या तक्त्यावर दोघांच्या सह्यांनिशी निकाल नोंदवला की तो अंतिम, असे ठेवले तर सोमवारी सकाळी जुना पेच उकरून काढायला जागा राहणार नाही. गेल्या वर्षीचा निकालही आता उघडू नका. त्या दोघांना यंदा नियम समजावून सांगाल तेव्हा एकत्र बसवता आले तर अवश्य बसवा. ते समितीचे काम नसले तरी आपल्यासारख्या माणसाचे आहे.

काही छोट्या गोष्टी अजून राहतात. १८ होल्सनंतर बरोबरी झाली तर पुन्हा पहिल्या होलपासून एकेक होल खेळत जायचे, आणि फटके त्याच होल्सवर द्यायचे जिथे आधी दिले होते. म्हणून आपल्या पहिल्या होलचा स्ट्रोक इंडेक्स फार लहान, म्हणजे १-२ सारखा, आहे का ते पाहा, कारण तसे असेल तर एकोणिसाव्या होलवर जवळजवळ प्रत्येक वेळी एकालाच फटका मिळेल, आणि जादा होल्स दुसऱ्या एखाद्या होलपासून सुरू करण्याची अट घालता येते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी बारानंतर सामना सुरू करू देऊ नका. अंधार पडलाच तर पुढच्या वेळी जिथे थांबले तिथूनच, त्याच स्थितीत खेळ सुरू करायचा, नव्याने नाही. रविवारच्या मेडलमध्येच सामनाही खेळून घेण्याची परवानगी मागितली जाईल, ती देऊ नका : एका प्रकारात सोडलेला पट चालतो, दुसऱ्यात चेंडू होलमध्ये घालावाच लागतो, आणि दोन्ही प्रकारांचे नियम इतके वेगळे आहेत की एकाच फेरीत ते एकत्र पाळणे अवघड जाते. पाळी सोडून आधी फटका मारला तर मॅच प्लेमध्ये दंड नसतो, पण प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. २००० साली स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंडला झालेल्या सोलहाइम कपमध्ये युरोपच्या अ‍ॅनिका सोरेनस्टॅमने ग्रीनबाहेरून थेट होलमध्ये घातलेला चेंडू याच नियमाने तिला पुन्हा खेळावा लागला होता. आपल्या सभासदांना हा हक्क माहीत असावा, म्हणजे कोणी तो वापरला तर त्याला खडूस ठरवले जाणार नाही.

शेवटची अट मी आग्रहाने सुचवतो. वॉकओव्हर आदल्या दिवशी संध्याकाळनंतर कळवला, किंवा ठरलेल्या वेळी कोणी आलाच नाही, तर त्या सामन्यासाठी नेमलेल्या दोन्ही कॅडींची पूर्ण फी न आलेल्या खेळाडूच्या खात्यावर टाकावी. पहाटे साडेपाचला सायकलवरून येऊन बसलेल्या माणसाचा तो दिवस सामना न झाल्यामुळे वाया जातो, आणि तोपर्यंत दुसरे साहेब निघून गेलेले असतात. हे पैसे कॅडीमास्टरांकडे त्याच सकाळी मिळतील अशी व्यवस्था कार्यालयाशी आधीच बोलून ठेवा. महिनाअखेरच्या बिलावर ते सोडू नका.